टाकी आहे, स्टेपनी आहे, मग वूफर कुठं?

गारगोटीहून एक सर आले होते. हायस्कूलला गणित शिकवतात, संध्याकाळी भजनी मंडळात टाळ धरतात. गाडी वॅगनआर, कंपनीतूनच सीएनजी. त्यांनी डिकी उघडली, आत बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "पोरगं म्हणतंय गाडीत डॉल्बी बसवा. मला काय, पखवाज पखवाजासारखा वाजला म्हणजे झालं. पण बसवणार कुठं? टाकीच्या डोक्यावर?"

आमच्याकडं मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला डॉल्बी म्हणतात, हे बाहेरच्यांसाठी सांगून ठेवतो. त्या नावाच्या कंपनीचा तिच्याशी काडीचा संबंध नसतो.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या बाजूला मी गाड्यांच्या म्युझिक सिस्टीमचं काम करतो, सोळा वर्षं झाली. माणूस दुकानात आला की पहिला प्रश्न असतो, "किती वॅटचा बसवू?" मी विचारतो, "डिकीत काय काय असतं?" कारण कामाचा क्रम असा आहे: आधी जागा, मग वूफर ज्यात बसतो तो लाकडी खोका, मग त्या खोक्यात शोभेल असा वूफर, म्हणजे खालचा घुमणारा आवाज (बेस) काढणारा मोठा स्पीकर, आणि शेवटी त्याला ताकद देणारा, त्याला पेलेल असा अ‍ॅम्प. लोक नेमकं उलटं करतात. ऑनलाइन सेलमध्ये बारा इंची वूफर खोक्यासकट घेतात आणि मग माझ्याकडं येऊन म्हणतात, आता हे बसवा कुठंतरी. त्या ‘कुठंतरी’तच निम्मा आवाज जातो.

छोट्या गाडीचा फायदा

छोट्या गाडीत बेस येत नाही, हा समज पहिल्यांदा काढून टाका. ध्वनी सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोल बेसचा सूर धरा ४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४० कंपनं. ३४३ ला ४० नं भागलं की एका लाटेची लांबी येते साडेआठ मीटर. वॅगनआर बंपर ते बंपर ३ मीटर ६५ सेंटिमीटर. म्हणजे दोन वॅगनआर एकीमागं एक लावल्या तरी ती लाट आत मावणार नाही. मग होतं काय, तर साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली गाडीतली हवा लाटेसारखी फिरतच नाही, सायकलच्या पंपातल्या हवेसारखी दाबली जाते. केबिन जितकी छोटी, तितका हा दाब लवकर तयार होतो. सीलबंद, म्हणजे कुठूनही हवा न निसटणाऱ्या खोक्यातून खालचे सूर मुळात कमी निघतात, पण निघतात ते ही केबिन उचलून धरते. घरच्या हॉलमध्ये जो वूफर केविलवाणा वाटतो, तोच हॅचबॅकमध्ये पोटात जाणवतो. पडताळून बघायचं असेल तर गाणं चालू ठेवून चारही काचा खाली करा. बेस गळून पडलेला तुम्हालाच कळेल.

दुसरी सोय म्हणजे, ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला नीटसं सांगता येत नाही. त्यामुळं वूफर मागं असला तरी बेस पुढून, बाकीच्या गाण्याबरोबरच आल्यासारखा वाटतो. दिशेच्या बाबतीत तुम्ही मोकळे.

जोराच्या बाबतीत मात्र मोकळे नाही. वूफरचा आवाज डिकीच्या दारावर आपटून परत येतो. समजा वूफर दारापासून एक मीटरवर आहे. परत येणारा आवाज दोन मीटर जास्त चालून येतो. ८६ हर्ट्झच्या आसपास ते अंतर बरोबर अर्ध्या लाटेएवढं होतं आणि सरळ आलेला व परत आलेला आवाज एकमेकांना खातात. ढोलकीचा ठोका नेमका तिथंच असतो. आता तोच वूफर दारापासून ३० सेंटिमीटरवर आणा. खाणारी जागा सरकून २८६ हर्ट्झवर जाते, आणि तिथं वूफर वाजतच नाही. म्हणून हॅचबॅकमध्ये वूफर जितका दाराजवळ आणि कोपऱ्यात, तितकं बरं. हा झाला कागदावरचा हिशोब. गादी, माणसं, सामान हे सगळे त्यात आपापला हात मारतात, त्यामुळं शेवटी कान लावावाच लागतो. पण सुरुवात कुठून करायची ते तरी कळतं.

मेजर टेप आणि पुठ्ठा

सरांच्या डिकीकडं येऊ. सीएनजी नसलेल्या वॅगनआरला ३४१ लिटरची डिकी मिळते. सीएनजीत ६० लिटर पाण्याच्या मापाची टाकी आडवी येते आणि तिला धरणाऱ्या लोखंडी कंसामुळं आजूबाजूची जागाही तुकड्यातुकड्यांत जाते. सरांच्या गाडीत स्टेपनीही डिकीतच उभी होती. उरला होता उजवा कोपरा, दाराच्या अंगाला: रुंदी ३४, उंची ३८, खोली २८ सेंटिमीटर.

ही मापं घेताना तीन ठिकाणी फसगत होते. चाकाच्या वरचा पत्रा आत फुगलेला असतो, त्यामुळं खालची रुंदी आणि वरची रुंदी वेगळी. डिकीचं दार उभं नसतं, वर आत झुकलेलं असतं, म्हणून खालची खोली आणि वरची खोली वेगळी. आणि दाराचं प्लास्टिक, त्यातला लॉक, हे बंद होताना आत येतात. म्हणून प्रत्येक माप खाली, मधे, वर असं तीनदा घ्या आणि सगळ्यात लहान आकडा लिहा.

एवढं करूनही मी टेपवर विसंबत नाही. किराणा दुकानातून पुठ्ठ्याचं खोकं आणतो, कापून चिकटपट्टीनं त्या मापाचा डबा बनवतो आणि डिकीत ठेवून दार लावतो. दार पुठ्ठ्याला घासलं की पुठ्ठ्यावर वळ उठतो, तेवढा कोपरा तिरका कापायचा. मग गिऱ्हाइकाला सांगतो, हे खोकं घेऊन दोन दिवस फिरा. भाजी आणा, गॅस भरा, घरच्यांची बॅग ठेवा. सरांना दुसऱ्याच दिवशी कळलं की जॅक आणि पाना त्या खोक्यामागं अडकलाय. पंक्चर झालं असतं तर गगनबावड्याच्या घाटात पावसात वूफर उपसत बसले असते. पुठ्ठा होता म्हणून हे फुकटात कळलं.

आता लिटर. खोली २८ असली तरी खोका २२ चाच करायचा, कारण वूफरचा कागद, म्हणजे त्याचा शंकूसारखा पडदा, पुढं-मागं हलतो, पुढं जाळी लागते आणि त्याला समोर मोकळी हवा हवी. ६ सेंटिमीटर त्यासाठी सोडले. बाहेरून ३४ × ३८ × २२ म्हणजे २८ लिटर. पण प्लाय १८ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंनी वजा केला की आतून ३०.४ × ३४.४ × १८.४, म्हणजे जेमतेम १९ लिटर. एक तृतीयांश जागा लाकडानंच खाल्ली. वूफरचं स्वतःचं चुंबक आणि सांगाडा आणखी लिटर-दीड लिटर घेतो. हातात राहिले साडेसतरा-अठरा. हा आकडा हातात आल्यावरच वूफरबरोबर आलेला माहितीचा कागद वाचायचा. त्यावर सीलबंद खोक्याला किती लिटर लागतात ते कंपनी देते. बऱ्याचदा घनफुटात असतं, तेव्हा २८.३ नं गुणायचं. दहा इंची, चपट्या बांधणीचा एक वूफर या मापात बसला.

भोकाचा, म्हणजे पोर्ट असलेला खोका कमी जागेत करू नका. जोरात वाजतो हे खरं, पण त्याला लिटर जास्त लागतात, आत पोर्टची नळी जागा खाते आणि नळीच्या तोंडापुढं निदान तिच्या व्यासाएवढी मोकळी जागा हवी. कोंबून बसवलेला पोर्टचा खोका फुसफुसतो. सीलबंद खोका थोडा लहान पडत असेल तर आत उशीतला सिंथेटिक कापूस सैलसर भरा, वूफरला खोका थोडा मोठा झाल्यासारखा वाटतो. ठासून भरू नका. आणि आमच्याकडच्या पावसात एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड) फुगतं, तिथं पाण्याला टिकणारा प्लाय घ्या. सुताराला सांगा, सांधे डिंकानं पक्के हवेत आणि आतून सिलिकॉन फिरवलेलं हवं. खोका हवाबंद नसेल तर वरची सगळी आकडेमोड पाण्यात.

कोपरा नसेल तर

सगळ्यांच्या डिकीत कोपरा उरत नाही. रोज टेम्पोसारखी गाडी भरणारे माझे दोन-तीन भाजीवाले गिऱ्हाईक आहेत, त्यांना डिकीतली एक वीत द्यायची नाहीये. त्यांच्यासाठी पुढच्या सीटखालचा वूफर. अ‍ॅल्युमिनियमच्या चपट्या पेटीत वूफर आणि अ‍ॅम्प एकत्रच येतात, बहुतेकांची उंची सात-आठ सेंटिमीटर. सीटखाली वाकून टॉर्च मारा आणि मोजा, पण सीट पूर्ण पुढं, पूर्ण मागं, आणि उंची कमी-जास्त होत असेल तर सगळ्यात खाली करून, अशा प्रत्येक ठिकाणी. सीटवर कोणीतरी वजनदार माणूस बसवून मोजा, कारण गादीखालच्या स्प्रिंगा खाली येतात. आमच्या दुकानात या कामासाठी आमचा पेंटर आहे, ब्याण्णव किलो. तो बसला आणि पेटीला काही लागलं नाही तर कुणाचंच लागत नाही.

सीटखाली पिवळे कपलर दिसले तर हात लावू नका. ती एअरबॅगची आणि बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेची वायर असते. त्यांच्यावर पेटी दाबून ठेवणं किंवा वायर ताणणंही नको. काही गाड्यांत सीटखालून मागच्यांसाठी एसीचा डक्ट जातो, तो झाकला तर मागं बसलेले शिव्या देतील. आणि पावसाळ्यात मॅट ओली राहते, त्यामुळं पेटी थेट कार्पेटवर ठेवण्याऐवजी खाली रबरी पाय किंवा पट्टी देऊन बोटभर वर घ्या. तिला हवाही लागते, आत अ‍ॅम्प तापतो.

आवाजाचं सांगायचं तर सीटखालचा वूफर डिकीतल्या कोपऱ्याशी बरोबरी करत नाही. वूफर लहान, पेटी लहान, आणि मघाचा दारावर आपटण्याचा हिशोब त्याला आडवा येतो. पण सीटमधून धक्का थेट पाठीला जातो, त्यामुळं आहे त्यापेक्षा जास्त बेस आहे असं वाटतं. ज्यांना गाण्यात फक्त अंग भरायचंय त्यांना तेवढं पुरतं. ड्रायव्हरपेक्षा शेजारच्या सीटखाली बसवा. पायाखाली काही घरंगळत यायची भीती नको.

शेजारच्या सीटच्या पायाशी, डॅशबोर्डखाली बसवणारेही आहेत. आवाज चांगला येतो. पण घरच्या बाईमाणसांना पाय आखडून पुण्यापर्यंत न्यायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा, मी बसवून देत नाही.

स्टेपनीच्या खड्ड्यात बसणारे गोल वूफर मिळतात, स्टेपनीच्या रिमच्या पोकळीतच मावतात. पेट्रोल गाडीला झकास, डिकी पूर्ण रिकामी राहते. पंक्चरच्या वेळी मात्र एक कपलर काढून वूफर उचलावा लागतो, म्हणून वायर हातभर जादा ठेवा. २०२३ पासून टाटाच्या काही गाड्यांत एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या डिकीच्या फळीखाली येतात. वर डिकी मोकळी दिसते म्हणून लोक खुशीत येतात आणि फळीला स्क्रू मारायला निघतात. त्या फळीखाली काय आहे हे आठवा.

सेडानवाल्यांचं दुखणं वेगळं. तिथं डिकी आणि केबिन यांच्यात पत्रा आणि सीट असते, आवाज आत येतानाच अडतो. मागच्या सीटच्या मधे हात टेकायचा भाग खाली पडत असेल आणि त्यामागं वाट मोकळी असेल तर तिथून वाट करून द्या. सीट मुडपत नसेल तर वूफर दाराकडं तोंड करून कोपऱ्यात आणि मागच्या काचेखालच्या फळीतून जेवढं येईल तेवढं.

बेस ट्यूबबद्दल, म्हणजे गोल नळकांड्यात बसवलेल्या वूफरबद्दल, एक वाक्य: गोल वस्तू डिकीत लोळते. २०११ साली माझ्या स्वतःच्या ऑल्टोत मी ती सुतळीनं बांधली होती. राधानगरी रोडला म्हैस आडवी आली, मी ब्रेक मारला, सुतळी तुटली आणि ट्यूब मागच्या सीटच्या पाठीवर आदळली. मागं कुणी नव्हतं.

तोंड कुठं करायचं ते ठरवताना

जागा ठरली तरी तोंड कुठं करायचं हे उरतं: दाराकडं, वर की पुढं. इथं पुस्तकी ज्ञान बाजूला ठेवून अर्धा तास खर्च करा. खोका स्क्रूनं आवळण्यापूर्वी तात्पुरत्या लांब वायरनं जोडा. फोनवर सूर वाजवणारं अ‍ॅप घ्या आणि ३०, ४०, ५०, ६३, ८० हर्ट्झचे सूर एकेक करून वाजवा. दारं, काचा बंद, तुम्ही ड्रायव्हर सीटवर, फोन कानाच्या उंचीला धरून आवाज मोजणारं दुसरं अ‍ॅप चालू. फोनचा माईक खालच्या सुरांना खोटं बोलतो, पण दोन्ही वेळी सारखंच खोटं बोलतो, म्हणून तुलना करता येते. वहीत पाच आकडे लिहा. खोका फिरवा, परत पाच आकडे.

सरांच्या गाडीत तोंड पुढं केल्यावर ६३ आणि ८० चे आकडे पडले. वर केल्यावर बरे आले, पण मग वर पिशवी ठेवता येईना. दाराकडं तोंड आणि मधे सहा सेंटिमीटर, यात पाचही सूर एकमेकांच्या जवळ राहिले. सर शेजारी बसून आकडे लिहून घेत होते. मग त्यांनी पेन ड्राइव्हवरचा एक अभंग लावला. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापलेली असते तेव्हा तो घुमतो, कणीक सुकली की तोच पखवाज डब्यासारखा वाजतो. तोंड पुढं असताना सर म्हणाले होते, "कणीक सुकलीय." दाराकडं केल्यावर काही बोलले नाहीत, फक्त मान हलवली.

जागा पक्की झाल्यावर अ‍ॅम्पवरचा फेजचा खटका बघा, ० आणि १८०. वूफर बाकीच्या स्पीकरबरोबर हलतो की उलटा, हे तो ठरवतो. बाजूच्या दारांतल्या स्पीकरसह गाणं लावा आणि दोन्हीकडं करून बघा. जिकडं ठोका भरीव वाटतो तिकडं ठेवा. खटका चुकीच्या बाजूला असला की दारातले स्पीकर हवा ढकलतात तेव्हा वूफर ओढत असतो, आणि मग सगळं चांगलं असूनही बेस पोकळ लागतो. महिनोन् महिने लोक या एका खटक्यापायी नवीन वूफर शोधत फिरतात.

बांधायचं कसं

वूफर, खोका, चुंबक मिळून सरांचं ओझं पंधरा किलो झालं. ताशी ५० किलोमीटरवर गाडी आपटली तर ते पंधरा किलो किती जोरात पुढं येईल, हे मी नेहमी तोंडी सांगायचो, सरांनी माझ्या भिंतीवर खडूनं गणित करून दाखवलं. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. तेवढा वेग येण्यासाठी वस्तू साधारण दहा मीटरवरून पडायला हवी. तिसऱ्या मजल्यावरून पंधरा किलोचा खोका मानेवर. ते गणित मी अजून पुसलेलं नाही.

म्हणून दोन बाजूंना लोखंडी एल-पट्टी आणि बोल्ट, शिवाय एक रॅचेटचा पट्टा. बोल्ट कुठं मारायचा हा खरा प्रश्न. बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी असते, तिथं ड्रिल लावूच नका. डिकीत ड्रिल मारायच्या आधी गाडी रॅम्पवर घेऊन खालून बघा: ब्रेकची नळी, गॅसची नळी, वायरींची माळ कुठून गेलीय. शक्यतो कंपनीनं दिलेली बोल्टची भोकं, सामान बांधायचे हूक हेच वापरा. सरांच्या गाडीला मी एकही नवीन भोक पाडलं नाही.

सीएनजीच्या टाकीला, तिच्या पट्ट्यांना, कंसाला काहीही बांधायचं नाही, टेकवायचंही नाही. टाकीत भरल्यावर २०० बारचा दाब असतो. व्हॉल्व्हपाशी हात जायला हवा, आणि गॅस गळलाच तर तो गाडीबाहेर जाण्यासाठी जी नळी असते ती दबता कामा नये. दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, असते, तेव्हा टाकी उतरवावी लागते. त्या दिवशी मेकॅनिकनं तुमचा खोका पहारीनं उचकटू नये असं वाटत असेल तर तो चार बोल्ट आणि एका कपलरवर निघेल असाच बसवा.

वायरचं थोडक्यात. बॅटरीपासून निघालेल्या वायरला पहिल्या ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज. पत्र्यातून वायर जाते तिथं रबरी बूच, नाहीतर पत्रा वायर कापतो आणि मग फ्यूज आपलं काम करतो की नाही हे बघायची वेळ येते. तांब्याचीच वायर घ्या. स्वस्त वायरीत अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, सुरीनं टोक खरवडलं की आतून पांढरी दिसते. अर्थिंग जवळच्या पत्र्याला, रंग खरवडून, हातभराच्या आतच. बॅटरीची वायर गाडीच्या एका अंगानं आणि आवाजाची आरसीए वायर, म्हणजे टेपवरून (गाडीच्या म्युझिक प्लेअरवरून) अ‍ॅम्पकडं सिग्नल नेणारी, दुसऱ्या अंगानं न्या, म्हणजे इंजिनाची घूंऽऽ स्पीकरमधून येत नाही. कंपनीचा टेप असेल आणि त्याला आरसीए नसेल तर स्पीकरच्या वायरवरून सिग्नल घेणारा कन्व्हर्टर लावा, पण कंपनीची वायर कापू नका, कपलर मिळतो. कापली की वॉरंटीवर भांडण.

अ‍ॅम्पचा गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, टेपच्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचं बटण. टेपचा आवाज पाऊणच्या वर न नेता, बेस-ट्रेबल शून्यावर ठेवून, ५० हर्ट्झचा सूर लावा, वूफर सोडवा आणि मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या तोंडाशी, स्पीकरची वायर लागते तिथं, व्होल्ट बघा. अ‍ॅम्प खरे २०० वॅट देत असेल आणि वूफर ४ ओहमचा असेल तर २०० गुणिले ४, त्याचं वर्गमूळ, म्हणजे २८ व्होल्ट. तिथं थांबा. वूफरला ८० हर्ट्झच्या वरचं कापून टाका आणि दारातल्या स्पीकरना त्याच्या खालचं. छोट्या दारांतले स्पीकर बेस काढायला गेले की पहिले तेच फाटतात.

खरखर

छोट्या गाडीत वूफर बसला की गाडीचा पत्रा गायला लागतो. पहिला संशयित नंबर प्लेट, तिच्यामागं फोमची पट्टी चिकटवा. दुसरा डिकीच्या दाराचं प्लास्टिक. ते काढून आत पत्र्याला ब्यूटाइलची डॅम्पिंग शीट (थरथर दाबणारा चिकट रबरी थर), क्लिपांना कापडी टेप. तिसरी मागची सामानाची फळी. चौथा जॅक. शोधायची पद्धत: ३० पासून ८० पर्यंत सूर हळूहळू चढवत न्या, जिथं खरखर सुरू होते तिथंच थांबा आणि एका माणसानं हातानं एकेक भाग दाबत जायचं. हात ठेवल्यावर आवाज बंद झाला की सापडलं.

सरांच्या गाडीत हे सगळं केलं. प्लेट, प्लास्टिक, फळी, जॅक. तरी ४५ हर्ट्झच्या आसपास कुठूनतरी बारीक छनछन यायची. दोन तास गेले. पेंटर डिकीत पाय दुमडून बसला, मी मागच्या सीटवर आडवा, सर पुढं सूर बदलतायत. सीटचे बोल्ट तपासले, बेल्टचं बक्कल हातात धरलं, वूफरची जाळी काढून बघितली. शेवटी सरांनाच आठवलं. ड्रायव्हर सीटच्या मागच्या खिशात कापडी पिशवी होती, आणि पिशवीत त्यांचे टाळ.

टॉवेलात गुंडाळले, छनछन थांबली. पंधरा दिवसांनी बोल्ट परत आवळायला या म्हणून सांगितलं, कारण प्लाय दबतो आणि पट्टा सैल पडतो. आले तेव्हा पोरगं बरोबर होतं, तोंड पाडून. डॉल्बी कुठाय, असं त्याचं म्हणणं.